बाबांच्या करिझ्माचा वायझर तडकलाय, चिकटवावा की वेल्ड करावा?

गोदाकाठ | ९ जुलै, रात्री ९.१२

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे बाबांची २००६ची पिवळी करिझ्मा मोटरसायकल आहे. निवृत्त झाल्यावर त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली, त्याला आता चार वर्षं झाली. परवा भर पावसात नाशिकच्या मुंबई नाक्याजवळ पाण्याखालचा खड्डा दिसला नाही आणि गाडी डाव्या अंगावर आडवी झाली. वेग अगदी कमी होता. मला काही लागलं नाही, पण वायझरला, म्हणजे हेडलाइटभोवतीच्या प्लास्टिकच्या कवचाला, दोन ठिकाणी मार बसला. डाव्या बाजूच्या खालच्या स्क्रूच्या भोकापासून हेडलाइटकडे वीतभर चीर गेली आहे, आणि आतला एक लॉक (वायझर अडकवायची खुंटी) मुळापासून तुटला. तो तुकडा मोबाइलचा टॉर्च लावून रस्त्यात शोधला आणि खिशात घालून आणला.

दोन गॅरेजमध्ये दाखवलं. एक म्हणतो एम-सील भरून रंग मारून देतो, दुसरा म्हणतो बदलून टाका. बदलायला पार्ट कुठून आणू? जुन्या गाड्यांचे काढलेले वायझर दोन पाहिले, ते माझ्याहून जास्त तडकलेले. शिवाय आमच्या वायझरवर मूळ रंग आणि मूळ स्टिकर आहे. तो शक्यतो राखायचा आहे.

कुणी स्वतः असं काम केलंय का? टिकेल असं काय करावं?

---

मिसळप्रेमी | ९ जुलै, रात्री ९.३०

फेविक्विक आणि खायचा सोडा. चिरेत सोडा भुरभुरायचा, वरून थेंब सोडायचे, दगड होतो. माझ्या हेल्मेटच्या कानाची पट्टी अशीच चिकटवली आहे.

---

साचेवाला | ९ जुलै, रात्री १०.०५

@मिसळप्रेमी, दगड होतो हे खरं, आणि तीच अडचण आहे. वायझर दिवसभर थरथरतो. प्लास्टिक लवतं आणि तो सोड्याचा दगड लवत नाही. मग दगडाच्या कडेनेच नवी चीर निघते. घरातल्या शोभेच्या वस्तूला चालेल, गाडीला नको.

गोदाकाठ, मी अंबडला इंजेक्शन मोल्डिंगमध्ये, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून वस्तू करण्याच्या कामात, १९ वर्षं आहे. काहीही लावायच्या आधी एक काम करा. वायझर काढा, आतली बाजू साबणाने स्वच्छ धुवा आणि दोन बाणांच्या टोकांमध्ये कोरलेली अक्षरं शोधा. एबीएस असेल किंवा पीपी (पॉलिप्रॉपिलीन) असेल. या दोन प्लास्टिकचे स्वभाव पूर्ण वेगळे आहेत. एबीएस अॅसिटोनमध्ये विरघळतं, म्हणजे त्याचा त्याच्याशीच सांधा जुळवता येतो. पीपीला अॅसिटोनने काही होत नाही, आणि बहुतेक गोंद त्यावर बसतच नाहीत. अक्षरं सापडली की सांगा, मग पुढचं बोलू. आधी गोंद आणि मग चौकशी, असं उलटं करू नका.

---

रानजाई | ९ जुलै, रात्री १०.४०

साचेवाला यांना +१००. मी हे उलटं केलेलं आहे. माझ्या स्कूटरचा आतला मडगार्ड फाटला होता. एबीएसचे तुकडे अॅसिटोनमध्ये विरघळवून पेस्ट करतात असं व्हिडिओत पाहिलं आणि दोन रात्री बसून सुंदर काम केलं. तिसऱ्या दिवशी गंगापूर रोडवरच्या पहिल्याच गतिरोधकाला अख्खा थर दुधावरच्या सायीसारखा निघून हातात आला. नंतर मागे पाहिलं तर स्पष्ट पीपी लिहिलेलं होतं. शेवटी एका ओळखीच्या मुलाने सोल्डरिंग आयर्नने पीपीच्याच पट्ट्या वितळवून सांधला. दीड वर्ष झालं, अजून आहे.

---

कसाराघाट | १० जुलै, सकाळी ७.५०

अक्षरं सापडली नाहीत तर सोपी परीक्षा आहे. आतल्या कडेची बारीक कपची काढा आणि पाण्यात टाका. तरंगली तर पीपी, बुडाली तर एबीएस.

---

साचेवाला | १० जुलै, सकाळी ८.२०

@कसाराघाट, निव्वळ पीपीला हे बरोबर आहे, त्याची घनता ०.९० च्या आसपास असते. पण गाड्यांच्या पीपीत बऱ्याचदा टाल्कची पूड घातलेली असते. २० टक्के टाल्क असलं की घनता साधारण १.०४ होते, म्हणजे एबीएसइतकीच. ती कपची बुडते आणि माणूस फसतो. त्यापेक्षा आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर कापसाने अॅसिटोनचा एक थेंब लावा आणि थोड्या वेळाने बोट टेकवा. बोट चिकटलं तर एबीएस. काहीच झालं नाही तर बहुधा पीपी.

---

गोदाकाठ | १० जुलै, रात्री ९.५५

आज वायझर उतरवला. आतल्या बाजूला १८ पावसाळ्यांचा चिखल होता, जुन्या दात घासायच्या ब्रशने तासभर घासला. अक्षरं सापडली: एबीएस. थेंबाची परीक्षाही केली, बोटाचा ठसा उमटला.

आणि आणखी एक सापडलं. उजव्या कोपऱ्यात खिळ्याने कोरलेलं "दसरा २००६". बाबांना विचारलं तर म्हणाले, गाडी आणली त्या दिवशी पूजेआधी वायझर काढून कोरलं होतं. मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. आता हा वायझर बदलायचा प्रश्नच मिटला.

पुढचं सांगा.

---

पेंटरभाऊ_सिडको | १० जुलै, रात्री १०.१०

वा! त्या कोपऱ्यावर आधी मास्किंग टेप लावा, मग बाकीचं.

---

साचेवाला | १० जुलै, रात्री ११.०२

वाचून फार बरं वाटलं. आता नीट सांगतो.

पेस्टसाठी भंगारवाल्याकडून एबीएस लिहिलेला एखादा तुटका पॅनेल आणा. मुलांचे ठोकळे वापरा असं लोक सांगतात. लेगोचे ठोकळे १९६३पासून एबीएसचेच आहेत, पण बाजारात मिळणारा प्रत्येक ठोकळा तसा नसतो. खूण असलेला पॅनेल घेतला की शंका राहत नाही. त्याचा रंग पॉलिश पेपरने काढून टाका, नखाएवढे तुकडे करा, काचेच्या बरणीत घाला, बुडेल इतकं अॅसिटोन ओता आणि घट्ट झाकण लावून रात्रभर ठेवा. नेलपॉलिश रिमूव्हर घेऊ नका, त्यात पाणी आणि तेल असतं, काहींत तर अॅसिटोन नसतंच. आणि थर्माकोलच्या कपात कधीही ओतू नका, कप जागच्या जागी विरघळून सगळं टेबलावर येतं.

दोन बरण्या करा. एक काकवीसारखी पातळ, एक श्रीखंडासारखी घट्ट.

चीर जिथे संपते तिथे आधी २ किंवा ३ मिमीचं भोक पाडा. चिरेचं टोक सुईसारखं असतं, सगळा ताण त्या एका बिंदूवर येतो. गोल भोक पाडलं की ताण पसरतो आणि चीर तिथेच थांबते. डोळ्यांना चीर संपलेली दिसते त्याच्या किंचित पुढे पाडा, कारण खरं टोक दिसत नाही.

मग समोरून टेप लावून दोन्ही कडा अगदी सपाट जुळवा. बोट फिरवलं तर पायरी लागता कामा नये. मागून पातळ पेस्ट चिरेत सोडा, ती आपोआप आत ओढली जाते. एक दिवस थांबा. नंतर मागून चिरेवर इंग्रजी व्हीसारखी खाच करा, जाडीच्या निम्म्यापर्यंत, आणि घट्ट पेस्ट थरांनी भरा. एकाच वेळी जाड थर दिला तर वरून कातडी धरते आणि आत अॅसिटोन अडकून राहतं, प्लास्टिक लोळागोळा होतं. अॅसिटोन उडालं की पेस्ट खाली बसते, म्हणून थोडं उंचच भरायचं.

पुढच्या बाजूला अॅसिटोनचा थेंबही पडू देऊ नका. तुमचा मूळ रंग क्षणात उतरेल.

---

सोल्डर | ११ जुलै, सकाळी ९.१५

साचेवाल्यांबद्दल आदर आहे, पण मी असहमत. स्क्रूच्या भोकाजवळ नुसती पेस्ट पुरणार नाही. माझं टीव्ही-मिक्सर दुरुस्तीचं काम आहे, रोज प्लास्टिकची बॉडी सांधतो. तिथे धातूचा आधार हवाच. चहाच्या जुन्या स्टीलच्या गाळणीची जाळी कापून घ्या, चिरेवर आडवी ठेवा आणि २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने दाबून प्लास्टिकमध्ये बुडवा. एबीएस साधारण १०५ अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतं, त्यामुळे फार उष्णता लागत नाही. धूर निघाला की समजा जास्त झालं, ते प्लास्टिक जळून ठिसूळ होतं. जाळी बुडाल्यावर वरून एबीएसची पट्टी वितळवून झाकायची.

तुटलेल्या लॉकला तर हाच उपाय. लॉकचा सांधा करंगळीच्या नखाएवढा असतो, त्यावर सगळा ओढा येतो. आत दोन स्टेपलर पिना तापवून रुतवा.

---

साचेवाला | ११ जुलै, सकाळी ९.५०

लॉकबद्दल पूर्ण सहमत. चिरेबद्दल माझं म्हणणं इतकंच की आयर्नची उष्णता पातळ पॅनेलच्या पुढच्या बाजूपर्यंत जाते, रंगावर फोड येतो. त्यांना मूळ रंग राखायचाय. म्हणून चिरेवर जाळी हवीच असेल तर पेस्टमध्ये बसवा, उष्णता नको. जिथे पुढून दिसत नाही तिथे आयर्न.

---

सोल्डर | ११ जुलै, सकाळी १०.०५

हे मान्य. मूळ रंगाचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता.

---

विज्ञानशिक्षिका | ११ जुलै, दुपारी १.२०

पुरुषमंडळी सगळं सांगतात, पण एक गोष्ट कुणी सांगितली नाही म्हणून लिहिते. अॅसिटोनचा प्रज्वलनांक सुमारे उणे २० अंश आहे. म्हणजे आपल्याकडच्या कोणत्याही तापमानाला त्याची वाफ पेट घेऊ शकते. ही वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकत जाते. स्वयंपाकघरात, देवघरात समई लागलेली असताना, किंवा ज्या टेबलावर सोल्डरिंग आयर्न गरम होतंय तिथे बरणी उघडू नका. आयर्नचं काम एका दिवशी, अॅसिटोनचं दुसऱ्या दिवशी. आणि एबीएस तापवताना निघणारा धूर नाकात जाऊ देऊ नका, त्यात स्टायरिन असतं. गच्चीवर किंवा अंगणात बसा.

---

रानजाई | ११ जुलै, दुपारी १.४५

ताई, मी हे सगळं बंद खोलीत केलं होतं. दोन दिवस डोकं धरलं होतं. आता कारण कळलं.

---

जुनी_पंचवटी | ११ जुलै, संध्याकाळी ६.३०

हा धागा वाचताना एक माणूस आठवला. आमच्या लहानपणी पंचवटीत बादल्या सांधणारा यायचा. खांद्यावर झोळी, हातात छोटी कोळशाची शेगडी, तीत दोन-तीन चपट्या सळया लालबुंद होत असायच्या. "बाल्टी, टप, डबाऽऽ" अशी आरोळी. आई चिरलेली निळी बादली बाहेर काढायची. तो ओट्याच्या पायरीवर बसून आधी बादलीच्या काठाची एक कपची तापल्या सळईला लावायचा आणि तिचा वास घ्यायचा. मग झोळीतून तुकडे काढायचा, तेही जाळून हुंगायचा. वास जुळला की तोच तुकडा घेऊन, सळईने चीर थोडी वितळवून, त्यात वितळवत भरत जायचा. निळ्या बादलीला निळाच तुकडा मिळेल असं नाही, हिरवा असला तरी चालायचं, पण वास जुळायला हवा. मी त्याला विचारलं होतं की वास कशाला घेता. म्हणाला, "बाळा, मेणबत्तीचा वास येणारं मेणबत्तीवाल्यालाच धरतं."

साचेवाला यांनी जे बाणातल्या अक्षरांबद्दल सांगितलं ते तो माणूस नाकाने वाचत होता. आमची ती बादली हिरव्या ठिगळासकट बरीच वर्षं न्हाणीत होती.

---

साचेवाला | ११ जुलै, संध्याकाळी ७.००

काका, तुम्ही माझा दिवस सार्थकी लावलात. तो अगदी बरोबर बोलत होता. बादलीचं पॉलिथिन जळताना मेणबत्तीसारखाच वास येतो, पीपीचाही जवळपास तसाच. एबीएस जळताना मात्र काळा काजळीचा धूर निघतो आणि वास उग्र, गोडसर. आम्ही मटेरियलची पोती तपासताना अजूनही शेवटी हेच करतो.

---

मिसळप्रेमी | ११ जुलै, संध्याकाळी ७.१०

काका, अशा आठवणींचा वेगळा धागा काढा. कल्हईवाले, रजईचा कापूस पिंजणारे... मी पहिल्या ओळीत बसतो, मिसळ माझ्याकडून.

---

कसाराघाट | १२ जुलै, सकाळी ८.०५

अवांतर: माझ्या गाडीच्या पारदर्शक विंडशील्डला पण बारीक चीर आहे. हीच पेस्ट चालेल का?

---

साचेवाला | १२ जुलै, सकाळी ८.४०

अजिबात नको! विंडशील्ड बहुधा पॉलिकार्बोनेट किंवा अॅक्रिलिकची असते. अॅसिटोन लागताच दुधाळ होईल आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडतील. टोकाला भोक पाडून चीर थांबवा आणि सावकाश बदलून घ्या. नजरेसमोरची वस्तू आहे, तिथे दुरुस्तीचा आग्रह धरू नये.

---

गोदाकाठ | २० जुलै, रात्री १०.१५

पहिली फेरी फसली. रविवारी पातळ पेस्ट सोडली, तेव्हा बाहेर धो-धो पाऊस होता. सकाळी पाहतो तर पेस्ट पांढरी, खडूसारखी झालेली आणि नखाने उकरली की भुगा होतोय. प्लास्टिक बरोबर, अॅसिटोनही शुद्ध होतं. काय चुकलं?

---

विज्ञानशिक्षिका | २० जुलै, रात्री १०.३०

दमट हवा. अॅसिटोन झपाट्याने उडतं तेव्हा पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ त्यावर पाणी होऊन बसते. ते पाणी पेस्टमध्ये मिसळतं आणि एबीएस त्यातून पांढरं होऊन बाहेर पडतं. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तसंच. उघडीप मिळाली की करा, किंवा खोलीत एसी असेल तर तो आर्द्रता कमी करतो. पण दार-खिडकीचं भान ठेवा, वर लिहिलंय ते विसरू नका.

---

पेंटरभाऊ_सिडको | २० जुलै, रात्री १०.५०

आमचंही पावसाळ्यात हेच होतं, क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) मारला की धुरकट दिसतो. गिऱ्हाइकाला मी सरळ सांगतो, श्रावण संपू द्या.

---

साचेवाला | २१ जुलै, सकाळी ८.१०

पांढरं झालेलं सगळं खरवडून काढा आणि नव्याने करा, त्यावर थर देऊ नका.

आणि खरं म्हणजे एक प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. चिरेच्या आतल्या कडा भिंगाने किंवा मोबाइलने मोठ्या करून पाहिल्यात का? पूर्ण लांबीभर रंग एकसारखा आहे का?

---

गोदाकाठ | २१ जुलै, रात्री ९.२०

आता पाहिलं. स्क्रूच्या भोकापासून दोन बोटांपर्यंत कडा काळपट आहे, मातीचा पातळ थर बसलेला. तिथून पुढे स्वच्छ आणि पांढुरकी. याचा अर्थ काय?

---

साचेवाला | २१ जुलै, रात्री ९.४५

अर्थ असा की दोन बोटं चीर गाडी आडवी होण्याच्या आधीपासूनच होती. मुंबई नाक्याच्या खड्ड्याने ती फक्त पुढे नेली. म्हणून नुसती सांधून उपयोग नाही, तिथे ताण का येतोय ते शोधायला हवं.

वायझर गाडीवर नुसता ठेवा, एकही स्क्रू न लावता. सगळी भोकं समोरासमोर येतात का? एखादं येत नसेल आणि तुम्ही हाताने ओढून स्क्रू लावत असाल, तर त्या भोकावर रात्रंदिवस ओढा असतो. गाडी उभी असतानासुद्धा. दुसरं, स्क्रूखाली रबरी बुश आणि वॉशर आहे का? रबर नसेल तर स्क्रू थेट प्लास्टिकला चिरडतो. तिसरं, स्क्रू सैल होऊ नये म्हणून कुणी निळा लॉकिंग द्रव लावलाय का? तो धातूसाठी आहे. ताणाखालच्या एबीएसला तो लागला की बारीक बारीक चिरा पडतात.

---

सोल्डर | २१ जुलै, रात्री ९.५५

हे मला पण नवीन आहे. वाखूसा (वाचनखूण साठवली).

---

गोदाकाठ | २३ जुलै, रात्री ८.३०

साचेवाला, तुमच्या पाया पडतो.

वायझर नुसता ठेवला. डावं खालचं भोक ८ मिमी बाजूला! आत वायझर धरणारी लोखंडी पट्टी वाकलेली आहे, आणि वाकल्या जागी गंज चढलेला आहे, म्हणजे हेही जुनंच. रबरी बुश चारपैकी एकच शिल्लक, तोही कडक झालेला. मागच्या वर्षी एका गॅरेजात हेडलाइटचा बल्ब बदलायला वायझर काढला होता, तेव्हापासून बहुतेक असाच ओढून बसवलेला असणार. मीही नंतर दोनदा काढून तसाच ओढून लावला, माझ्या हाताला तो ओढा जाणवला होता, पण जुनी गाडी म्हणून सोडून दिलं.

उद्या पट्टी सरळ करून आणतो. बुश नवे घेतले, ते साध्या मापाचे असल्याने लगेच मिळाले.

---

पेंटरभाऊ_सिडको | २३ जुलै, रात्री ९.००

मापाने बसू दे, मग पुढचं. रंगाबद्दल सांगून ठेवतो. पुढून केसाएवढी रेघ दिसेलच. ती घालवायची तर १२००चा वॉटर पेपर, बारीकशी टूके लांबी (दोन घटक मिसळून करायची पुटी), प्रायमर, पिवळा बेस आणि क्लिअर, एवढं करावं लागेल, आणि १८ वर्षं उन्हात मुरलेला पिवळा जुळणं अवघड आहे. नवा पिवळा शेजारी उठून दिसतो. माझं ऐकाल तर रेघ राहू द्या. टच-अपच्या काडीने रेघेत फक्त रंग भरा.

---

गोदाकाठ | १४ ऑगस्ट, रात्री ९.४०

उशीर झाला, पण उघडीप मिळेपर्यंत थांबलो होतो.

पट्टी सरळ केली. वायझर आता स्क्रूशिवाय आपोआप बसतो, चारही भोकं समोरासमोर. चिरेला मागून पेस्टचे पाच थर दिले, रोज एक, मधल्या थरात गाळणीची जाळी. (आईची गाळणी घेतली, तिला नवी आणून दिली.) लॉक सोल्डर यांच्या पद्धतीने, दोन पिना रुतवून. चार दिवस वाळू दिलं. स्क्रू हाताने घट्ट होईल तेवढाच, वर पाव आटा.

काल वणीला जाऊन आलो, सप्तशृंगी गडापर्यंत. जाऊन-येऊन सव्वाशे किमी, दिंडोरीच्या पुढे रस्ता बराच उखडलेला. घरी येऊन टॉर्च लावून पाहिलं, चीर जागची हललेली नाही. पूर्वी साधारण ६०च्या वेगाला वायझरमधून एक खरखर यायची, मला वाटायचं मीटरची आहे. ती बंद झाली.

पुढून रेघ दिसते. पेंटरभाऊंचं ऐकलं, तशीच ठेवली.

बाबांनी सकाळी खाली उतरून बुश दाबून पाहिले, मग वायझरच्या आत हात घालून कोपऱ्यातली अक्षरं बोटाने चाचपली.

---

जुनी_पंचवटी | १४ ऑगस्ट, रात्री ९.५५

जिंकलंत.

---

रानजाई | १४ ऑगस्ट, रात्री १०.२०

किती छान! उद्याच माझ्या स्कूटरचे सगळे पॅनेल स्क्रू न लावता ठेवून बघते. मडगार्ड पण फाटला तो असाच ओढून बसवलेला होता का, हा विचारच केला नव्हता.

---

कसाराघाट | १५ ऑगस्ट, सकाळी ७.४०

घट्ट पेस्ट उरली आहे का? माझ्या टेल पॅनेलचा लॉक गेलाय. अक्षरं पाहिली, एबीएसच आहे. थेंबाची परीक्षाही झाली.

---

गोदाकाठ | १५ ऑगस्ट, सकाळी ८.०५

अर्धी बरणी आहे, झाकण घट्ट लावून ठेवली आहे. थोडी आळली असेल, दोन चमचे अॅसिटोन घालून हलवली की येईल. रविवारी सकाळी मी इथल्या द्वारका चौकात असतो, या. येताना टेल पॅनेल न काढता गाडीसकटच आणा, आधी भोकं जुळतात का ते दोघं मिळून पाहू.